विंडोजचा परवाना नव्या संगणकावर नेता येतो का? ओईएम आणि रिटेल यांतला फरक

विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले, आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 या सुरक्षा चिपसारख्या अटी असल्याने चांगले चालणारे अनेक जुने संगणकही बदलण्याची वेळ आली. साहजिकच कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कोणत्याही संगणक दुकानात जुन्या मशीनमधले विंडोज नव्यात घालून द्या, पुन्हा पैसे कशाला, अशी मागणी होते. मागणी रास्त आहे. पण तिचे उत्तर त्या विंडोजचा परवाना ओईएम आहे की रिटेल, यावर अवलंबून असते. दोन्ही परवान्यांतली प्रणाली तीच, प्रॉडक्ट की दोन्हीकडे 25 अक्षरांचीच आणि सेटिंग्जमध्ये दोन्हीकडे विंडोज सक्रिय असल्याचाच निरोप दिसतो. त्यामुळे संगणक सुरळीत चालू आहे तोवर आपल्याकडे यांपैकी काय आहे, हे जाणून घेण्याची गरज कोणालाच भासत नाही.

ओईएम परवाना संगणक बनवणाऱ्याला सवलतीच्या दरात मिळतो आणि ज्या यंत्रावर तो प्रथम बसला त्या यंत्राशी कायमचा जोडला जातो. रिटेल परवाना ग्राहक स्वतंत्रपणे विकत घेतो आणि एका वेळी एकाच संगणकावर वापरण्याच्या अटीवर तो दुसरीकडे नेऊ शकतो. शेतीच्या भाषेत सांगायचे तर ओईएम म्हणजे विहीर आणि रिटेल म्हणजे तिच्यावरची मोटार: शेत विकले की विहीर शेताबरोबर जाते, मोटार मात्र उचलून आपल्या दुसऱ्या विहिरीवर बसवता येते.

लॅपटॉपच्या बाबतीत फारसा संशय राहत नाही. नामांकित कंपनीच्या लॅपटॉपबरोबर आलेले विंडोज हे ओईएमच असते. 2012 साली विंडोज 8 आल्यापासून अशा यंत्रांची की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच साठवलेली असते. त्यापूर्वी ती तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेली असे. खरा घोळ असेंबल केलेल्या संगणकांत होतो. दुकानदार ओईएमचे पाकीट वेगळे आणतो, बिलावर त्याची ओळ वेगळी लावतो, आणि वेगळे पैसे मोजल्यामुळे हे विंडोज आपण सुटे विकत घेतले आहे, अशी ग्राहकाची समजूत होते. प्रत्यक्षात ते पाकीट ज्या मदरबोर्डवर प्रथम सक्रिय झाले, त्याच्याशीच बांधले गेलेले असते. बिलावर ‘ओईएम’ हा शब्द बहुधा असतोच, फक्त तो वाचला जात नाही.

हा फरक केव्हा अंगावर येतो, याचे उदाहरण कोल्हापूरकरांना दूर शोधावे लागणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पुराचे पाणी शाहूपुरीपर्यंत आले. समजा, तिथल्या एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले दोन सीपीयू पाण्यात गेले, दोन्ही मदरबोर्ड निकामी झाले, पण हार्ड डिस्क वाचल्या. हिशेबाच्या फायली दोन्हीकडून मिळतील. मात्र ज्या संगणकावर रिटेल परवाना होता त्याचे विंडोज नव्या मदरबोर्डवर नेता येईल, आणि ज्यावर ओईएम होता त्याचा परवाना मदरबोर्डबरोबरच बुडाला. कारण मायक्रोसॉफ्टच्या लेखी मदरबोर्ड बदलला की संगणकच नवा होतो; सदोष मदरबोर्ड बदलून त्याच जोडीचा बसवला, तर तेवढ्यापुरती ओईएमला सूट आहे. रॅम वाढवणे किंवा हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे यांनी मात्र कोणत्याच परवान्याला धक्का लागत नाही.

वाचलेली डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवली आणि विंडोज चक्क सक्रिय दिसले, असाही अनुभव अनेकांना येतो, आणि त्यावरून ‘ओईएमसुद्धा हलवता येते’ असा निष्कर्ष काढला जातो. तिथे बहुतेक वेळा घडते ते असे, की त्या दुसऱ्या लॅपटॉपचा स्वतःचा, त्याच आवृत्तीचा परवाना आधीपासून असतो आणि विंडोज त्यावर सक्रिय होते. जुना परवाना आपल्या जागेवरून हललेला नसतो.

आपल्याकडे काय आहे हे पाहायचे असेल, तर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि एसएलएमजीआर ही अक्षरे, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून डीएलआय असे इंग्रजीत टाइप करावे. क्षणभराने एक लहान चौकट उघडते आणि तिच्या वर्णनाच्या ओळीत ‘ओईएम’, ‘रिटेल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ (कंपन्यांनी अनेक संगणकांसाठी एकगठ्ठा घेतलेला परवाना) यांपैकी एक शब्द दिसतो. ‘ओईएम’ दिसले तर प्रश्न मिटला. ‘रिटेल’ दिसले तर मात्र लगेच खूश होऊ नये. विंडोज 7 किंवा 8 च्या ओईएम संगणकावर मोफत चढवलेले विंडोज 10 मायक्रोसॉफ्टच्या एका सामायिक कीवर चालते आणि ती की या चौकटीत ‘रिटेल’ अशीच दिसते. परवाना मात्र मूळचा ओईएमच राहतो. म्हणून त्याच चौकटीत दिसणारी कीची शेवटची पाच अक्षरेही पाहावीत. होम आवृत्तीत ती 8-एच-व्ही-एक्स-7 आणि प्रो आवृत्तीत 3-व्ही-6-6-टी अशी असतील, तर ती लाखो संगणकांवर सारखीच असलेली सामायिक की आहे आणि तिच्यावरून मालकी ठरत नाही. अशा वेळी खरेदीचे बिल हाच भरवशाचा पुरावा.

परवाना खरोखरच रिटेल असेल, तर तो हलवणे अवघड नाही. जुन्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून त्याच आज्ञेत डीएलआयच्या जागी यूपीके लिहिले की तिथली की निघते. मग नव्या संगणकावर तीच आवृत्ती बसवून ती की घालावी. होमच्या कीने प्रो सक्रिय होत नाही, हे लक्षात ठेवावे. जुना संगणक पुरात गेल्यासारखा बंदच पडला असेल आणि परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधी जोडलेला असेल, तर नव्या संगणकावर त्याच खात्याने प्रवेश करून सक्रियतेच्या ट्रबलशूटरमध्ये नुकतेच हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडावा. ही जोडणी संगणक चालू असतानाच करून ठेवावी लागते, तेव्हा रिटेलवाल्यांनी ती आजच करावी. विंडोज 10 वरून 11 वर जाण्यास वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे जुन्या 10 चा रिटेल परवानाही नव्या संगणकावर वाया जात नाही.

जुना संगणक विकताना हाच हिशेब उलटा होतो. ओईएम असेल तर परवाना यंत्राबरोबर घेणाऱ्याकडे जातो आणि विकणाऱ्याने तो किमतीत धरायला हरकत नाही. रिटेल परवाना स्वतःकडे ठेवायचा असेल, तर विकलेल्या यंत्रातून तो काढणे बंधनकारक आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याचे जुने संगणक लिलावात घेणाऱ्यांनी चौकटीतला तिसरा शब्दही तपासावा. ‘व्हॉल्यूम’ परवाना त्या कंपनीचा असतो, तो लिलावात मिळत नाही. आणि केएमएस पद्धतीचा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून सक्रिय होणारा असेल, तर त्या सर्व्हरशी संपर्क तुटल्यानंतर 180 दिवसांच्या आत त्याची मुदत संपते.