‘इन यूटरो’च्या विस्तारित आवृत्तीमागचा तीस वर्षांचा वाद

निर्वाना या अमेरिकी रॉक बँडच्या ‘इन यूटरो’ या अल्बमची तिसाव्या वर्षानिमित्तची विस्तारित आवृत्ती 27 ऑक्टोबर 2023 रोजी बाजारात आली. तिच्या सर्वांत मोठ्या संचात एकूण 72 ध्वनिमुद्रणे असून त्यांपैकी 53 पूर्वी कधीही प्रसिद्ध झालेली नव्हती. जेमतेम 41 मिनिटांच्या मूळ अल्बमभोवती एवढे साहित्य जमा होण्यामागे एक जुना वाद आहे. या अल्बमचा खरा आवाज कोणता, हा प्रश्न तो पहिल्यांदा दुकानात येण्याच्या आधीच उभा राहिला होता.

सप्टेंबर 1991 मध्ये आलेल्या ‘नेव्हरमाइंड’ने सिअ‍ॅटलच्या या त्रयीला अनपेक्षित आणि अफाट यश मिळवून दिले, आणि जानेवारी 1992 मध्ये त्या अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतील अल्बम-विक्रीच्या यादीच्या अग्रस्थानावरून खाली ओढले. गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेन यांना मात्र तो अल्बम पुढे पुढे फार गुळगुळीत वाटू लागला. पिक्सीज बँडचा ‘सर्फर रोझा’ आणि ब्रीडर्सचा ‘पॉड’ हे त्यांचे अत्यंत आवडते अल्बम होते. ते दोन्ही स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केले होते, आणि पुढच्या कामासाठी निर्वानाने त्यांचीच निवड केली.

अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसत. काम सुरू होण्यापूर्वी त्यांनी बँडला एक लांबलचक पत्र लिहिले. अल्बमच्या विक्रीवर रॉयल्टी घेणे आपल्याला अनैतिक वाटते आणि नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराप्रमाणे केलेल्या कामाचा ठरलेला मोबदलाच आपल्याला हवा, अशी भूमिका त्यांनी त्यात मांडली. त्यानुसार त्यांनी एकरकमी 1 लाख डॉलर घेतले. लाखो प्रती खपणार हे दिसत असताना रॉयल्टी नाकारणारा माणूस या व्यवसायात विरळाच, आणि माझ्या मते या अल्बमच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हे पत्रच आहे. विस्तारित आवृत्त्यांच्या पुस्तिकांपेक्षा ते अधिक काही सांगून जाते.

फेब्रुवारी 1993 मध्ये मिनेसोटा राज्यातील कॅनन फॉल्स या छोट्या गावाजवळच्या पॅकिडर्म स्टुडिओत, बर्फाने वेढलेल्या एकांतात, सुमारे दोन आठवड्यांत ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग, म्हणजे निरनिराळ्या आवाजांचे योग्य प्रमाणात मिश्रण, पूर्ण झाले. गाजावाजा होऊ नये म्हणून स्टुडिओ वेगळ्याच नावाने राखून ठेवला होता. बहुतेक गाण्यांचे मूळ वादन तिघांनी एकत्र, सलग वाजवून नोंदवले. डेव्ह ग्रोल यांच्या ड्रमभोवती अल्बिनींनी मोठ्या संख्येने मायक्रोफोन मांडले. त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर त्या खोलीची घुमही फितीवर उतरली, आणि अल्बमचा दणदणाट मुख्यतः तिथूनच येतो.

ध्वनिफीत ऐकल्यावर निर्वानाचे अल्बम काढणाऱ्या गेफेन कंपनीतील मंडळी नाराज झाली. एप्रिलमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने ती नाराजी छापली आणि पाठोपाठ ‘न्यूजवीक’मध्येही लेख आला. तेव्हा कंपनी आपल्यावर दबाव आणत असल्याचा बँडने जाहीरपणे इन्कार केला. गायनाचा आणि बेसचा आवाज दबला आहे, असे मात्र कोबेन आणि बेसवादक क्रिस्ट नोव्होसेलिक यांनाही वाटत होते. अखेर बॉब लुडविग यांनी मास्टरिंगच्या, म्हणजे प्रती काढण्यापूर्वी आवाजावर होणाऱ्या शेवटच्या संस्काराच्या वेळी गायन पुढे आणले, आणि ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ व ‘ऑल अपॉलॉजीज’ या दोन गाण्यांचे मिक्सिंग स्कॉट लिट यांनी नव्याने केले. सप्टेंबर 1993 मध्ये प्रसिद्ध झालेला अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. वादाचा शेवट तिथे झाला नाही, कारण बाजूला ठेवलेली मूळ मिश्रणे रसिकांना ऐकायला मिळालेली नव्हती.

ती संधी 2013 च्या विसाव्या वर्षाच्या आवृत्तीने दिली. तिच्यात त्या दोन गाण्यांची अल्बिनींनी 1993 मध्येच केलेली मिश्रणे होती, तसेच संपूर्ण अल्बमचे त्यांनी नव्याने केलेले मिश्रणही होते. अल्बिनींची आणि लिट यांची मिश्रणे शेजारी ठेवून ऐकली तर लिट यांचे काम बदनामीला पात्र नव्हते, हे मान्य करावे लागते. तरी ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’चा मूळचा खडबडीतपणा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

तीस वर्षांच्या संचाचा भर मैफलींवर आहे. लॉस एंजलिसमधील 30 डिसेंबर 1993 ची आणि सिअ‍ॅटलमधील 7 जानेवारी 1994 ची अशा दोन पूर्ण मैफली त्यात आहेत. निर्वानाचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करणारे जॅक एन्डिनो यांनी त्या ध्वनिफितींवर काम केले. सिअ‍ॅटलची मैफल त्या शहरातील बँडच्या अखेरच्या मैफलींपैकी ठरली. एप्रिल 1994 मध्ये कोबेन यांचे निधन झाले.

मूळ अल्बमचे नवे मास्टरिंग शिकागोत बॉब वेस्टन यांनी केले. 1993 च्या त्या फेब्रुवारीत पॅकिडर्म स्टुडिओत अल्बिनींचे सहायक म्हणून तेच काम करत होते. अल्बिनी स्वतः मे 2024 मध्ये, या आवृत्तीनंतर काही महिन्यांतच गेले.