शेजारी कोण बसतं?

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोजचा सुविचार नाही अशी शाळा सातारा जिल्ह्यात शोधूनही सापडायची नाही. परिपाठात एकजण तो खड्या आवाजात वाचतो, बाकीचे ऐकतात किंवा ऐकल्यासारखं करतात, आणि रांगा वर्गाकडे वळतात. ‘दुसऱ्याच्या मदतीला धावून जावे’ हा त्यातला हमखास येणारा. तो ऐकून कुणी खरंच धावून जातं का?

याचं उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. पुढे धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली परोपकारी माणसाची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्याची. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, लवकर निघा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले जेमतेम १० टक्के. भाषणाचा विषय परोपकार असल्याने म्हणावा असा फरक पडलाच नाही. काहीजण तर परोपकारावर बोलायला जाता जाता त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले! आपल्याकडच्या कीर्तनप्रेमींना यात फारसं नवल वाटणार नाही.

तेव्हा चांगुलपणा सांगून येत नाही, हे धरून चालू. मग करायला लावून येतो का?

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या ४०० हून अधिक मुलांवर हे करून पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. चार आठवडे काही वर्गांतल्या मुलांनी दर आठवड्याला कुणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायच्या आणि लिहून ठेवायच्या. कुणी डब्यातलं वाटून खाल्लं, कुणी कामाने वैतागलेल्या आईला मिठी मारली. बाकीच्या वर्गांना काम वेगळं: कुठल्याही तीन जागी जाऊन यायचं. मैदान, दुकानं, आजीचं घर, काहीही. शेवटी दोन्हीकडची मुलं आधीपेक्षा खूश होती. आजीकडे जाऊन आलं तरी बरं वाटतंच, त्यासाठी शास्त्रज्ञ कशाला हवेत. फरक दिसला तो दुसरीकडे. ‘शाळेतलं काम कुणाबरोबर करायला आवडेल?’ असं विचारल्यावर वर्गसोबत्यांनी चांगुलपणावाल्या मुलांची नावं जास्त घेतली. सरासरी दीड मित्र वाढला म्हणा.

मला ही दीड मित्राची वाढ मूड सुधारण्यापेक्षा मोठी वाटते. त्या वयात मुलाला सगळ्यात जास्त जाळतं ते एकटं पडणं. मधल्या सुट्टीत आपल्याला कुणी खेळायला घेत नाही, हे दुःख मूल घरी सांगत नाही. पोट दुखतंय म्हणतं आणि शाळा बुडवतं.

देण्यातला आनंद तसा शिकवावाही लागत नाही. त्याच वर्षीच्या आणखी एका प्रयोगात दोन वर्षांखालच्या मुलांचे चेहरे टिपले होते. स्वतःच्या वाटीतला खाऊ बाहुल्याला देताना ती मुलं खाऊ मिळताना दिसली त्यापेक्षा जास्त आनंदी दिसली. मोठ्यांच्या मेंदूतही पैसे मिळाल्यावर जो भाग जागा होतो, तो देणगी देतानाही जागा होतो.

हे आतूनच येत असेल, तर बक्षीस देऊन त्याची माती होऊ शकते. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या मुलांसमोर मुद्दाम वस्तू पाडल्या. मुलं उचलून देत. काहींना प्रत्येक वेळी खेळणं दिलं, काहींना शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत बक्षीस सगळ्यांचंच बंद. खेळण्याची सवय झालेल्यांनी मदत कमी केली, बाकीचे पूर्वीसारखेच उचलून देत राहिले. भिंतीवर चांगुलपणाचे स्टार चिकटवणाऱ्या आणि वर्षाअखेरी ‘आदर्श विद्यार्थी’ निवडणाऱ्या शाळांनी हे जरा मनावर घ्यावं.

पण मला सगळ्यात पटलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे. दिल्लीतल्या बड्या खाजगी शाळांना २००७ पासून काही जागा गरीब घरच्या मुलांना देणं बंधनकारक झालं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्याचा श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार निघाली, तीही गरिबांशीच नाही तर सगळ्यांशी. शर्यतीसाठी जोडीदार निवडतानाही ती गरीब मुलाला कमी डावलत. यातली गंमत पुढे आहे. काही शाळांत अभ्यासाचे गट पहिल्या नावाच्या आद्याक्षरानुसार पाडत. त्यामुळे कुणाच्या वाट्याला गरीब सोबती यायचा, कुणाच्या नाही, हे निव्वळ नावावर ठरे. परिणामाचा बराच मोठा वाटा या गटातल्या रोजच्या सहवासाचा होता. धडा, भाषण, शपथ यातलं काहीही नव्हतं. इंग्रजीचे गुण किंचित घसरले, हिंदी आणि गणिताला धक्का लागला नाही.

साताऱ्याला यात नवं काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका छताखाली राहायची, मिळून स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. तिथे मायेवर प्रवचन नव्हतं; भाकरी थापायची पाळी कुणाची, एवढंच असे.

आज हे कुठे करता येईल? दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि कराड-वाळव्याकडच्या गावांत बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे झोपड्यांतली मुलं काही महिन्यांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात. मार्चमध्ये जायचीच आहेत म्हणून ती मागच्या बस्करावर, आपापल्यात. त्यांच्या बोलण्याच्या हेलाची नक्कल होते, आणि खिचडीच्या वेळी ताट नसेल तर तीही बोंब होते. हजेरीवरच्या नावाच्या क्रमाने बसवलं तर? कोपीवरची रेणुका आणि बागायतदाराचा रोहित शेजारी येतील. पहिले दोन दिवस दोघं तोंड फिरवून बसतील. मग कधीतरी रोहितला कळेल की वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची पेंढी हिला आपल्या बापापेक्षा घट्ट बांधता येते. याला ना निधी लागतो ना शासन निर्णय.

लागतो तो वेळ, आणि तोच नाही. प्रिन्स्टनच्या त्या विद्यार्थ्यांना अडवलं होतं ते घाईने. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली याचा आपल्याला अभिमान आहे; पण तिची प्रवेश परीक्षा, नवोदय आणि शिष्यवृत्ती परीक्षा या तिन्हींसाठी दहा वर्षांची पोरं सकाळी जादा तास, संध्याकाळी क्लास अशी पळतात. पडलेल्याला उचलायला थांबायचं कधी? भावना समजून घेणं, मिळून राहणं शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा, म्हणजे दोन लाख सत्तर हजार मुलांचा एकत्र आढावा २०११ मध्ये निघाला. त्यात अशा मुलांचं वागणं सुधारलं आणि अभ्यासातही ती बाकीच्यांपेक्षा ११ शतमकांनी, म्हणजे शंभरांच्या क्रमवारीत ११ जागांनी पुढे दिसली. सगळेच कार्यक्रम चालतात असं नाही. ब्रिटनमध्ये ८ हजारांवर मुलांच्या अभ्यासात साधारण निम्म्यांना ध्यानाचे धडे दिले, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा फायदा काहीच दिसला नाही.

राज्यातल्या पहिली ते आठवीच्या वर्गांना २०२४ मध्ये अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी ‘आनंददायी शनिवार’ मिळाला आहे. त्या दिवशी तरी शिष्यवृत्तीचे सराव पेपर कपाटात राहावेत, आणि गट पाडायची वेळ आली की बाईंनी हजेरीवही उघडावी. हुशार मुलांना आपले आपण गट करू देऊ नयेत.