चरित्र नटाच्या हातात लेखणी येते ती कशी: नागपूरची पार्श्वभूमी

बाप, सासरा, हवालदार, तलाठी, सरपंच, घरात तोंड वर करून बसलेला काका. चरित्र नटाच्या, म्हणजे नायक-खलनायक सोडून बाकीच्या ठळक भूमिका करणाऱ्याच्या, वाट्याला हीच माणसं येतात. नागपुरात असा नट पंधरा-वीस वर्षं टिकला, की बहुधा लिहायला लागतो आणि लिहिलेलं स्वतःच बसवतो. त्याला ‘अष्टपैलू’ म्हणून हार घालायची पद्धत आहे. कारण मात्र हाराइतकं सुगंधी नाही. त्याच्या वयाची, त्याच्या बोलीतली भूमिका लिहून देणारं गावात दुसरं कोणी नसतं. मुंबईचं गाजलेलं नाटक उचलावं, तर लेखकाची लेखी संमती, मानधन, आणि प्रेक्षकांच्या डोक्यात आधीच बसलेला मूळ नट, असं तिहेरी ओझं येतं.

एकाच माणसानं लिहिणं, बसवणं आणि तोंडाला रंग लावणं ही मराठी रंगभूमीची मूळ रीतच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये ‘शाकुंतल’ लिहिलं, बसवलं आणि त्यात कामही केलं. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल नटांना तालीम देण्यासाठी तितकेच नावाजलेले होते. ‘दिग्दर्शक’ हा शब्द रुळण्याआधी या कामाला तालीम मास्तर म्हणत. पुढे १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त पु. ल. देशपांडे लेखक, दिग्दर्शक, संगीतकार आणि नट असे सगळेच होते.

पूर्व विदर्भात याला आणखी एक जुना झरा आहे: खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्यं. खडी गंमतीचा शाहीर कवन रचतो, गातो, सोंगं उभी करतो. बायकांची सोंगं पुरुषच घेतात. छापील संहिता नसते. गाव बदललं की त्या गावचा पाटील, तिथली विहीर, तिथलं भांडण थट्टेत येऊन बसतं. नागपूरच्या जुन्या नटांची बोलण्याची फेक, प्रेक्षकाकडे अर्धं वळून टोमणा मारण्याची लकब, ही नाट्यशिबिरांच्या कितीतरी आधीची आहे.

शहराचा इतिहासही आडवा आला. १९५६पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथे दौऱ्यावर येत. नाटकावर पोट भरेल असा धंदा मात्र इथे मुळं धरू शकला नाही. नट रेल्वेत, बँकेत, शाळेत, वीज मंडळात नोकरी करणार आणि संध्याकाळी सात ते दहा तालमीला बसणार, हे ठरून गेलं. नोकरदाराला दौरा जमत नाही, स्पर्धा जमते. त्यामुळे राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा आणि आकाशवाणी याच इथल्या शाळा ठरल्या. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. श्रुतिकेला, म्हणजे रेडिओवरच्या नाटकाला, चेहरा लागत नाही, आवाजातून वय, जात, पेशा कळावा लागतो. हे काम चरित्र नटाच्या हातचं. शिवाय रेडिओला सतत नवीन मजकूर हवा असे, म्हणून माइकसमोरची माणसं हळूहळू लिहायलाही लागली.

या सगळ्याचं सर्वांत मोठं फळ म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकर. नागपुरात त्यांना ‘मास्तर’च म्हणत. रंजन कला मंदिर ही त्यांची संस्था. ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक १९६७च्या डिसेंबरात नाट्यसंपदा या संस्थेनं रंगमंचावर आणलं, लेखन आणि दिग्दर्शन दारव्हेकरांचं. रूढ हिशेबानं नायक सदाशिव, पण नाटक खांद्यावर घेतात ते खाँसाहेब: उतारवयाचा, हट्टी, जळणारा, विद्येपुढे अखेर झुकणारा माणूस. म्हणजे चरित्र भूमिकाच. ती केली मूर्तिजापूरला जन्मलेल्या आणि नागपुरात गाणं शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांनी. खाँसाहेबांचा अहंकार संवादांत जेवढा आहे, त्याहून जास्त गाण्यात आहे. हे गायक-नट डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय लिहिता येत नाही. नटाच्या मापाची भूमिका बेतणं म्हणजे काय, याचा इथल्यांसाठी हा वस्तुपाठ ठरला. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आज वसंतरावांच्या नावाचं आहे. २०१५मध्ये या नाटकाचा चित्रपट झाला, तेव्हा सुबोध भावे यांनी दिग्दर्शनही केलं आणि सदाशिवही.

स्वतःच्या मापाची भूमिका लिहिताना पहिला प्रश्न बोलीचा. मुंबईच्या संहितेत ‘मी जातोय’ असतं. नागपूरचा बाप म्हणतो, ‘मी जाऊन राहिलो.’ तीन अक्षरी क्रियापद सहा अक्षरी झालं की वाक्याचा ठेका बदलतो, विनोदाची टाच पुढे सरकते आणि समोरच्या नटाचा क्यू, म्हणजे बोलायला लागायची खूण, उशिरा येते. पुस्तकी संहिता तालमीत नुसती ‘वऱ्हाडी करून’ घेतली की संवाद फुसके होतात, ते यामुळे. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, ‘मला’चं ‘मले’ होतं. पण सगळ्यांच्या तोंडी सारखंच ‘मले-तुले’ घातलं की पात्रं एकाच साच्याची वाटतात आणि बोली हसण्यावारी जाते. जाणता लेखक प्रमाण ठरवतो: म्हातारी आई पूर्ण बोलीत, कारकून मुलगा साहेबासमोर प्रमाण मराठीत आणि घरात चिडला की बोलीत, सून अमरावतीची असेल तर हेल वेगळा.

बाकीचं गणित कागदाचं आणि ट्रकचं. दोन अंकी नाटक दोन तासांचं धरलं, तर टाइप केलेली साठ-सत्तर पानं होतात. संवाद तुटक असतील तर पान दीड मिनिटात उडतं, स्वगत असेल तर अडीच मिनिटं घेतं. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. तालमीत संवाद बदलत राहणाऱ्या लेखक-दिग्दर्शकाची इथेच पंचाईत होते, कारण मंजूर प्रत एक आणि प्रयोगातली प्रत भलतीच. म्हणून महिनाभर आधी संहिता बंद करावी लागते. नेपथ्य आठ बाय चारच्या प्लायमध्ये बसेल एवढंच असतं. स्पर्धेत रंगमंच हातात मिळाल्यावर उभारणीला वेळ थोडा, आणि अंतिम फेरीत गेलो तर तेच सामान दुसऱ्या गावी न्यायचं. इथल्या नाटकांत एक बाज, एक चौकट आणि मागे तुळशीवृंदावन एवढ्यावरच भागतं, त्याला समीक्षक सूचकता म्हणतात. त्यात ट्रकच्या भाड्याचा वाटा मोठा असतो.

स्वतः बसवलेल्या नाटकात स्वतः उभं राहणं ही सर्वांत अवघड गोष्ट. आपण ज्या प्रवेशात आहोत, त्याचं चित्र आपल्याला दिसत नाही. तोंड विंगेकडे वळतं, दुसऱ्या नटाला आपण झाकतो, आणि हे सांगणारं समोर कोणी नसतं. दुसरा घोळ पाठांतराचा: इतरांचे क्यू पाठ, स्वतःचे संवाद कच्चे. लेखक असल्यामुळे आयत्या वेळी नवं वाक्य सुचतं, ते बोललं जातं, आणि समोरच्याचा क्यू हवेत राहतो. यावर रूढ उपाय असा: पहिले वीस-पंचवीस दिवस आपल्या जागी बदली नट उभा करायचा, स्वतः आठव्या-दहाव्या रांगेतून पाहायचं, हालचाली पक्क्या झाल्या की मगच आत शिरायचं. सहायकाकडे संहितेची प्रत द्यायची आणि सुटलेला शब्दन्‌शब्द त्याला लिहून ठेवायला सांगायचा. प्रकाशयोजनेची तालीम तर बदली नटावरच घ्यायची. अंगावर स्पॉट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो स्पॉट कपाळावर पडलाय की छातीवर, हे कळत नाही.

नागपूरच्या पूर्वेला, झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोलीकडच्या जंगलपट्ट्यात, हेच काम धंदा म्हणून चालतं. वडसा म्हणजे देसाईगंज हे कंपन्यांचं ठाणं. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागले की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. तालमी मोजक्याच, म्हणून प्रॉम्प्टरवर भिस्त. लेखक कंपनीत कोण कोण आहे ते पाहून लिहितो, विनोदी नट तगडा असेल तर त्याचे प्रवेश वाढतात. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी प्रेक्षकांपैकी अनेकांना या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा कळलं.

चित्रपटानं चरित्र नटाचा बाजार वाढवला. ‘देऊळ’मध्ये गिरीश कुलकर्णी यांना अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पुढे त्यांनी ‘जाऊं द्या ना बाळासाहेब’ दिग्दर्शित केला. नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर झाले आणि चेहऱ्याइतकंच जगलेलं आयुष्यही पडद्यावर उतरतं हे दिसलं. पण नागपूरच्या नटाला येणारा फोन सहसा दोन दिवसांच्या कामाचा असतो: इन्स्पेक्टर, सरपंच, मुलीचा बाप. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पूर्ण झाला २०२५मध्ये. मुंबईला जाणं सोपं झालं, तारखा सोप्या झाल्या नाहीत. चित्रीकरण एक दिवस लांबलं की इथली तालीम बुडते. भूमिका दुसऱ्याला देता येते, दिग्दर्शन देता येत नाही. म्हणून मुरलेले लेखक-दिग्दर्शक स्वतःसाठी पहिल्या अंकातली भूमिका लिहितात. त्यांचं पात्र मध्यंतराआधी मरतं, नाहीतर गावाला निघून जातं, आणि दुसरा अंक ते रंग पुसून शेवटच्या रांगेतून पाहतात.