जुन्या आराखड्यातून नवे वाफेचे इंजिन

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या दुकानांत अजून एखादा तांब्याचा बंब मांडलेला दिसतो. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळीवर निखारे आणि भोवती पाणी. आग चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली, त्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर याच युक्तीवर उभा आहे. तिथे बंब आडवा असतो, एका नळीऐवजी शेकडो नळ्या असतात आणि वाफेला बाहेर पडायला मोकळी वाट नसते. ही वाट बंद केली की खेळ पार बदलतो, आणि आज नवे वाफेचे इंजिन बांधू पाहणाऱ्यांची खरी कसोटी तिथेच लागते.

होय, आजही अशी इंजिने नव्याने बांधली जातात. ब्रिटनमध्ये १९४८-४९ साली बांधलेल्या ‘ए१’ वर्गाच्या ४९ इंजिनांपैकी एकही उरले नाही. १९६६ पर्यंत सगळी भंगारात गेली. १९९० मध्ये काही रेल्वेप्रेमींनी ठरवले की पन्नासावे आपण बांधायचे. लोकवर्गणीतून सुमारे ३० लाख पौंड उभे राहिले आणि २००८ साली ‘टॉर्नेडो’ स्वतःच्या वाफेवर चालले. २०१७ मध्ये एका चाचणीत त्याने ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग गाठला. आपल्याकडेही हे काम झाले आहे. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून ‘एक्स’ वर्गाची नवी इंजिने बांधली. आधीची तेलावर चालणारी होती, २०२१ मध्ये कोळशावर चालणारेही आले. ही इंजिने साध्या रुळांवरच्या चाकांसाठी दोन आणि मधल्या दातेरी पट्टीसाठी दोन, असे चार सिलिंडर घेऊन १२.५ फुटांना एक फूट असा चढ चढतात. आपल्या कसारा घाटातला चढ ३७ फुटांना एक फूट आहे, एवढे सांगितले की निलगिरीचा अंदाज येईल.

आता बॉयलरकडे वळू. ‘टॉर्नेडो’च्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचावर २५० पौंड दाब असतो. म्हणजे एक चौरस फूट पत्र्यावर सोळा टनांहून जास्त रेटा. या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. बॉयलर फुटण्याचा मुख्य धोका वाफेपेक्षा या पाण्यातच असतो. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो, अतितप्त पाण्याचा मोठा भाग एका क्षणात वाफ बनतो, आणि साध्या हवेच्या दाबाला वाफ पाण्यापेक्षा सोळाशे पट जागा मागते. म्हणून नव्या बॉयलरची पहिली परीक्षा थंड पाणी काठोकाठ भरून, कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन घेतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. सांधा कच्चा असेल तर नुसती गळती दिसते.

आग जळते तो फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी. आतल्या आणि बाहेरच्या पेटीमध्ये काही इंच पाणी, आणि दोन्ही भिंती एकमेकींना धरून ठेवणारे शेकडो ‘स्टे’ बोल्ट. ब्रिटिश इंजिनांत आतली पेटी तांब्याची असे. आग तांब्याच्या वितळणबिंदूहून, म्हणजे १०८५ अंशांहून, जास्त तापलेली असली तरी पत्रा टिकतो, कारण पलीकडचे पाणी त्याची उष्णता सतत ओढून घेते. आतल्या पेटीच्या छतावरचे पाणी घटले तर हे संरक्षण संपते. त्यासाठी छतात शिशाचा गाभा असलेला बुच बसवतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, वाफ आगीवर सुटते आणि ड्रायव्हर-फायरमनला इशारा मिळतो.

‘टॉर्नेडो’ बांधणाऱ्यांनी इथे मूळ आराखडा मुद्दाम सोडला. रिव्हेट आणि तांब्याऐवजी त्यांनी पूर्ण वेल्डिंगचा, पोलादी फायरबॉक्सचा बॉयलर घेतला. तांबे पोलादापेक्षा सात-आठ पट सहज उष्णता वाहून नेते, मग नुकसान झाले नाही का? फारसे नाही. उष्णतेच्या वाटेतला मोठा अडथळा पत्र्यात नसतो. गरम वायूतून पत्र्यापर्यंत पोहोचण्यात असतो. तो दोन्हीकडे सारखाच. वेल्डचा सांधा क्ष-किरणांनी तपासता येतो, ही मोठी सोय. हा बॉयलर मात्र जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यातून आणावा लागला, कारण वाफेच्या इंजिनांचे काम तिथे कधी पूर्ण थांबलेच नव्हते. एखादा देश हे काम थांबवतो तेव्हा यंत्रे विकली जातात, आणि हाताला सवय असलेली माणसे एकेक करून निवृत्त होतात. मला यातले दुसरे नुकसान जास्त मोठे वाटते.

वाफेच्या इंजिनात मला सर्वांत सुंदर वाटते ती धुरांड्याखालची रचना. सिलिंडरमधले काम संपलेली वाफ एका तोटीतून धुरांड्यात झपाट्याने सोडतात. ती जाताना नळ्यांतला धूर ओढून नेते, त्यामुळे जाळीखालून ताजी हवा आगीत शिरते. गाडी चढाला लागली की वाफ जास्त खर्च होते, झोत जोरात सुटतो, आग भडकते आणि वाफही जास्त तयार होते. पंखा नाही, नियंत्रक नाही. मागणी स्वतःच पुरवठा वाढवते. इंजिनाची ओळखीची ‘झुकझुक’ म्हणजे याच झोतांचा आवाज.

म्हणूनच डिझेल किंवा विजेच्या इंजिनावर वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवून त्याला वारसा म्हणणे मला पटत नाही. लहान मुले त्यात आनंदाने बसतील, पण वारसा पत्र्याच्या आकारात नाही. आगीपासून चाकापर्यंतची ही साखळी हाच वारसा आहे, आणि ती चालती ठेवायला कोणीतरी फायरबॉक्समध्ये कोळसा टाकला पाहिजे.

कोळसा जाळून मिळणाऱ्या कामाचा हिशेब मात्र इंजिनाच्या बाजूने नाही. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या ऊर्जेपैकी सहा-आठ टक्केच चाकांपर्यंत येते. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, २१० मेगावॉटच्या संचांत, वाफ टर्बाइन फिरवून झाल्यावर थंड करून पुन्हा पाणी केली जाते. तिथे हेच प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाते. मुंबईकडून विजेच्या तारा इगतपुरीला १९३० मध्ये पोहोचल्या, भुसावळपर्यंत गेल्या १९६०च्या दशकाच्या अखेरीस. तोवर नाशिक रोडवरून वाफेची इंजिने धावत. आता तीच वाफ एकलहऱ्यात राहून वीज पुरवते.

नाशिकमध्ये नवे इंजिन बांधता येईल का, हा प्रश्न मला गंभीरपणे विचारावासा वाटतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सुटे भाग घडतात, ओझरला विमाने बनतात. एकच सिलिंडर ओतायचा तर लाकडाचा साचा महाग पडतो. थर्मोकोलचा साचा वाळूत पुरून त्यावर धातू ओतला की साचा जळून जातो आणि त्या जागी धातू बसतो. चाकावरची पोलादी धाव तापवून चढवतात. दोन मीटर व्यासाची धाव २५० अंशांनी तापवली तर सुमारे सहा मिलिमीटर मोठी होते, चाकावर बसते आणि थंड होताना घट्ट आवळते. यातले काही आपल्या कारागिरांच्या आवाक्याबाहेर नाही.

पहिला प्रयत्न नेरळ-माथेरानसाठी व्हावा. दोन फुटी मार्ग, १९०७ मध्ये सुरू झालेला, २० फुटांना एक फूट चढ. त्याच्या मूळ जर्मन इंजिनांत पहिला आणि शेवटचा आस पोकळ होता. आतला आस त्याच्या मधोमध गोलाकार सांध्यावर टेकलेला. त्यामुळे तीव्र वळणावर बाहेरची चाके थोडी सरकून आणि वळून रुळाला धरून राहत. त्या इंजिनांतली काही अजून जपलेली आहेत. त्यांतल्या एकाची मापे लेसरने घेऊन, तो पोकळ आस आणि त्याचा सांधा तेवढा आधी घडवून पाहावा. तो वळणावर सुटला नाही, तर बॉयलरची मागणी नोंदवायला हरकत नाही.