पदकाआधी पगार : दिव्यांग खेळाडू, कलाकार आणि कंपन्या

नोव्हेंबर १९६४. ऑलिम्पिक संपून महिनाही उलटला नव्हता आणि टोकियोच्या क्रीडाग्रामात व्हीलचेअरवरचे खेळाडू दाखल झाले होते. यजमान जपानचे ५३ जण होते. त्यांतले बहुतेक इस्पितळांतून आणि पुनर्वसन केंद्रांतून आलेले. स्पर्धा आटोपली की परत आपापल्या खाटेवर जाणारे. युरोप-अमेरिकेचे खेळाडू मात्र संध्याकाळी बाजारात हिंडत, खरेदी करत, आपल्या नोकरीविषयी आणि घरच्यांविषयी बोलत. जपानी संघाचे प्रमुख डॉ. युताका नाकामुरा यांना हा फरक फार लागला. या माणसांना खेळ शिकवून भागणार नाही, त्यांच्या हाताला काम हवं, हे त्यांनी तिथेच मनाशी पक्कं केलं.

दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या खेळाला आणि कलेला कंपन्यांनी पाठबळ देण्याची जी पद्धत आज जपानमध्ये रुळली आहे, तिचं मूळ या निरीक्षणात आहे. खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला पाहिजे आणि सरावासाठी वेळ काढता आला पाहिजे. पदकाचा विचार त्यानंतरचा. आपल्याकडे या प्रश्नाने वेगळीच वाट धरली आणि त्यात एक चमत्कारिक पेच होऊन बसला आहे.

नाकामुरा हे क्यूशू बेटावरच्या बेप्पू गावचे अस्थिरोगतज्ज्ञ. १९६० साली ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात शिकायला गेले. कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांना डॉ. लुडविग गुटमन तिथे खेळांतून उभारी देत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, गुटमन यांनी १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली होती. पॅरालिम्पिक चळवळीची सुरुवात तीच. पण नाकामुरांना खेळाइतकंच दुसऱ्या एका गोष्टीचं नवल वाटलं. तिथले रुग्ण काही महिन्यांत बरे होऊन कामावर परतत होते. जपानमध्ये अशा रुग्णाने आयुष्यभर अंथरुणाला खिळून राहायचं, हे गृहीतच होतं. १९६१ मध्ये नाकामुरांनी बेप्पू ज्यात येतं त्या ओइता प्रांतात दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या, तेव्हा अपंगांचा तमाशा मांडला म्हणून लोकांनी त्यांनाच बोल लावले.

टोकियोनंतर वर्षभरातच, ऑक्टोबर १९६५ मध्ये, बेप्पूत ‘ताइयो नो इए’ म्हणजे ‘सूर्याचं घर’ उभं राहिलं. हे नाव सुचवलं कादंबरीकार त्सुतोमू मिनाकामी यांनी. त्यांच्या मुलीला जन्मतः कण्याचा विकार होता आणि दिव्यांगांच्या उपेक्षेबद्दल त्यांनी पंतप्रधानांना जाहीर पत्रही लिहिलं होतं. संस्थेचं ब्रीद होतं : दया नको, संधी द्या. सुरुवातीचं काम मात्र बांबूच्या वस्तू आणि लाकूडकाम अशा स्वरूपाचं होतं. त्यातून पोट भरणं कठीण होतं. नाकामुरा कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिले आणि नकार पचवत राहिले.

होकार मिळाला तो ओमरॉन या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कंपनीचे संस्थापक काझुमा तातेइशी यांच्याकडून. १९७२ मध्ये ‘ओमरॉन ताइयो’ हा संयुक्त कारखाना सुरू झाला. जागा, राहण्याची सोय आणि देखभाल संस्थेची. यंत्रं, मागणी आणि व्यवस्थापन कंपनीचं. इथे माणसाला यंत्राप्रमाणे वळवण्याऐवजी यंत्र माणसाप्रमाणे बदललं गेलं. व्हीलचेअर आत सरकेल अशा उंचीची टेबलं बनवली. एकाच हाताने काम करणाऱ्यासाठी सुटा भाग घट्ट धरून ठेवणारे साचे बनवले. पहिल्याच वर्षी कारखाना नफ्यात आला आणि इतरांच्या शंका बऱ्याच अंशी मिटल्या. १९७८ मध्ये सोनी आली. स्टुडिओत गायकांचा आवाज टिपणारा सोनीचा नामांकित सी-८००जी मायक्रोफोन याच सोनी-ताइयो कारखान्यात हाताने जोडला जातो. १९८१ मध्ये होंडा, पाठोपाठ मित्सुबिशी आणि डेन्सो. संस्थेच्या आवारात व्यायामशाळा, सुपरमार्केट, बँक सगळं उभं राहिलं. कामाची पाळी संपली की व्यायामशाळेत जायचं, असा दिवस तिथल्या कामगाराला जगता येऊ लागला. कंपनी, पगार आणि खेळ हे तिन्ही एकाच आवारात आले.

याच भागात १९८१ साली, आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात, ओइताची आंतरराष्ट्रीय व्हीलचेअर मॅरेथॉन सुरू झाली. खरं तर नाकामुरांना आपले खेळाडू तिथल्या जुन्या बेप्पू-ओइता मॅरेथॉनमध्येच उतरवायचे होते. धावण्याच्या शर्यतीत चाकं चालणार नाहीत म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी वेगळी शर्यतच काढली. नाकामुरा १९८४ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी गेले. शर्यत मात्र टिकली आणि अशी टिकली, की स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने २०२१ मध्ये १ तास १७ मिनिटे ४७ सेकंदांचा विश्वविक्रम याच रस्त्यावर केला.

शर्यतीची व्हीलचेअर जवळून पाहिली, तर कंपनीची गरज कुठे लागते हे चटकन कळतं. तिला तीन चाकं असतात : दोन मोठी, खाली बाहेर फाकलेली, आणि लांब दांड्याच्या टोकाला पुढे एक लहान. खेळाडू बहुधा गुडघे मुडपून, छाती खाली टेकवून तिच्यात जवळजवळ कोंबलेला असतो. जाड हातमोजे घातलेल्या मुठींनी तो चाकाच्या कडीला ठोसे मारत वेग घेतो. बैठक दोन बोटं सैल झाली तरी ताकद वाया जाते. म्हणून प्रत्येक खुर्ची त्या-त्या शरीराचं माप घेऊन बनवावी लागते आणि हे काम महागडं असतं. ओइतातल्या होंडाच्या उपकंपनीने मूळ कंपनीच्या संशोधन विभागाच्या साथीने कार्बन फायबरच्या शर्यतीच्या खुर्च्या घडवल्या. दिव्यांगांना कामावर घेणारी कंपनीच त्यांच्या खेळाचं साधन बनवू लागली.

हे सगळं केवळ दिलदारीवर चाललं असं मात्र नाही. जपानने १९६० मध्ये दिव्यांगांच्या रोजगाराचा कायदा केला होता, पण त्यात खासगी कंपन्यांना नुसतं आवाहन होतं. १९७६ मध्ये त्याची सक्ती झाली : १.५ टक्के नोकऱ्या द्याच. हे प्रमाण वाढत वाढत एप्रिल २०२४ मध्ये २.५ टक्क्यांवर आलं आणि जुलै २०२६ पासून ते २.७ टक्के ठरवलं गेलं. शंभरहून जास्त कर्मचारी असलेली कंपनी कमी पडली, तर प्रत्येक कमी माणसामागे महिन्याला ५० हजार येन भरावे लागतात. दिव्यांगांसाठी खास काढलेल्या उपकंपनीतली माणसं मूळ कंपनीच्या हिशेबात धरायची मुभाही आहे.

२०१३ मध्ये टोकियोला पुन्हा यजमानपद मिळालं आणि कंपन्यांनी या कायद्याला खेळाची जोड दिली. पॅरा-खेळाडूला कर्मचारी म्हणून घ्यायचं, आठवड्यातले थोडे दिवस कचेरीत काम, बाकीचे दिवस सराव. आणि सरावाचे तासही कामाचेच धरायचे. कंपनीचा कोटा भरतो, खेळाडूचं पोट भरतं. या पद्धतीवर टीकाही होते आणि ती मला रास्त वाटते. करार पाच-सहा वर्षांचा असेल आणि त्या काळात खेळाडूला कचेरीतलं काहीच शिकवलं नसेल, तर निवृत्तीच्या दिवशी तो पुन्हा १९६४च्या संघासारखाच रिकाम्या हाताने उभा राहतो. नाकामुरांच्या मनात असं नव्हतं. त्यांच्या कारखान्यातला माणूस आधी कुशल कामगार होता आणि मग खेळाडू.

कलेच्या बाबतीत कंपन्या खूप उशिरा आल्या. तिथे पहिलं पाऊल कलाकारांनीच टाकलं होतं. जर्मन चित्रकार एरिश स्टेगमन हे पोलिओमुळे तोंडात कुंचला धरून चित्रं काढत. १९५०च्या दशकात त्यांनी तोंडाने आणि पायाने चित्र काढणाऱ्यांची संघटना उभारली. तिची शुभेच्छापत्रं आणि दिनदर्शिका आपल्याकडेही अनेक घरांत टपालाने येत. विक्रीतून सदस्यांना दरमहा मानधन मिळतं. देणगी मागायची नाही, हा त्यांचा बाणा आहे. जपानमध्ये नाराच्या ‘ताम्पोपो नो इए’ या संस्थेने १९९५च्या सुमारास दिव्यांगांच्या कलेची चळवळ सुरू केली. २०१८ मध्ये दोन जुळ्या भावांनी, आपल्या स्वमग्न थोरल्या भावाच्या प्रेरणेने, ‘हेराल्बोनी’ ही कंपनी काढली. चित्रं कापडावर, वस्तूंवर, इमारतींच्या भिंतींवर वापरायचे हक्क ती कंपन्यांना देते आणि चित्रकाराला त्याचा मोबदला पोचवते. चित्रकारालाच पगारावर घेऊन त्याची चित्रं कचेरीत लावणाऱ्या कंपन्याही आता जपानमध्ये आहेत.

आता आपल्याकडे वळू. खेळाडूला नोकरी देऊन खेळू देणं आपल्याला नवं नव्हतं. मुंबईत टाइम्स शील्ड या क्रिकेट स्पर्धेत कंपन्यांचे संघ झुंजत. सुनील गावसकर निरलॉन कंपनीकडून खेळत. रेल्वे, बँका, तेल कंपन्या, महिंद्रा यांच्या नोकरीवर कबड्डी, खो-खो, कॅरमची कित्येक घरं उभी राहिली. चाळीतला पोरगा चांगला खेळतो म्हणजे त्याला कुठेतरी चिकटवून घेतील, असा भरवसाच होता. या भरवशात दिव्यांग मुलगा फारसा कधी धरला गेला नाही.

अपवाद होता, आणि तो मोठा होता. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं बळ गेलं. मुंबईच्या नौदल इस्पितळात, ‘अश्विनी’त, उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं, तेही विश्वविक्रमासह. पुढे त्यांचा संसार चालला तो पुण्यातल्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, नोकरीवर. पद्मश्री आली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत. देशाने दखल घेण्याआधी कितीतरी वर्षं एका कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

कायदा मात्र त्या दिशेने गेला नाही. दिव्यांगांसाठीच्या १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के राखीव ठेवले, २०१६च्या कायद्याने ४ टक्के. खासगी क्षेत्राला सक्ती नाही. २०१६च्या कायद्याचं कलम ३५ म्हणतं की मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग यावेत म्हणून सरकारने कंपन्यांना प्रोत्साहन द्यावं, तेही ऐपतीप्रमाणे. खेळाची जबाबदारी कलम ३० मध्ये सरकारवर टाकली आहे. या दोन कलमांचा सांधा कुठेच जुळवलेला नाही.

कंपन्यांचा पैसा आला तो दुसऱ्या दाराने. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत पॅरालिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ मध्ये इंडसइंड बँकेने खेळाडूंना मदत करणाऱ्या गोस्पोर्ट्स फाउंडेशन या संस्थेबरोबर पॅरा-खेळाडूंसाठी कार्यक्रम सुरू केला. पॅरिसला २०२४ मध्ये भारताने जी २९ पदकं मिळवली, त्यामागे सरकारी योजनांबरोबर अशा पैशाचाही वाटा आहे.

पेच इथेच आहे. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम या खर्चात धरता येत नाही. हा नियम चांगल्या हेतूचा आहे. नाहीतर कंपन्यांनी आपलीच कामं त्यात दाखवली असती. पण परिणाम असा होतो की बाहेरच्या दिव्यांग खेळाडूचा प्रशिक्षक, खुर्ची, प्रवास यांचा खर्च त्या २ टक्क्यांत बसतो आणि आपल्याच लेखा विभागातली मुलगी भालाफेकीत राष्ट्रीय पातळीवर पोचली, तर तिचा बसत नाही. जपानच्या कायद्याने कंपनीला खेळाडू पगारपत्रकावर घ्यायला लावलं. आपल्या नियमांनी खेळाडूला पगारपत्रकाबाहेर ठेवणं कंपनीला सोयीचं केलं.

जपानच्या जवळ जाणारं आपल्याकडचं उदाहरण कंपनीचं नाही, लष्कराचं आहे. २०१७ मध्ये पुण्यात खडकीला लष्कराचं पॅरालिम्पिक केंद्र सुरू झालं. जखमी जवान तिथे सेवेत राहून सराव करतात. काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात पाय गमावलेले होकाटो सेमा तिथेच घडले आणि पॅरिसला त्यांनी गोळाफेकीत कांस्य मिळवलं. पेटकरांच्या वेळी लष्करात अशी सोय नव्हती. त्यांना सेवेतून बाहेर पडावं लागलं होतं.

खासगी कंपन्यांपुरतं बोलायचं, तर एक जागा आजच मोकळी आहे. २०१६च्या कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक खासगी आस्थापनेने दिव्यांगांसाठी समान संधी धोरण लिहायचं असतं आणि त्यात विशेष रजेची तरतूद नमूद करायची असते. त्या रजेत सरावाचे, स्पर्धांचे आणि चित्रप्रदर्शनांचे दिवस भरपगारी म्हणून लिहायला कुठल्याही कलमाची आडकाठी नाही.