शनिवारनंतर रविवारच का?

शनिवारनंतर रविवार, मग सोमवार. कॅलेंडरवरचा हा क्रम आपण कधी तपासत नाही. पण आकाशात शनीच्या शेजारी रवी नाही, की मंगळाला लागून बुध नाही. वारांची ही रांग लागली ती ग्रहांच्या चालीवरून.

जुन्या लोकांकडे दुर्बीण नव्हती. ग्रह खडकाचा की वायूचा, त्याला चंद्र किती, हे कळायला काही मार्गच नव्हता. दिसायचं ते एवढंच, की सगळे तारे आपापसातलं अंतर राखून एकत्र फिरतात आणि मोजके काहीजण त्यांच्यातून वाट काढत सरकतात. बाबिलोनियात या सरकणाऱ्यांना चक्क रानमेंढ्या म्हणत. ग्रीकांनी त्यांना 'भटके' म्हटलं. या कसोटीवर सूर्य आणि चंद्रही ग्रह ठरतात, आणि पायाखालची पृथ्वी मात्र ठरत नाही. आपण याला हसतो, पण डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी ही वर्गवारी अगदी प्रामाणिक होती.

मग यांची रांग लावायची कशी? बारा राशींची एक फेरी कोण किती दिवसांत पुरी करतो, ते बघून. चंद्राला 27 दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, सूर्याला एक वर्ष, मंगळाला दोनाला थोडी कमी, गुरूला जवळजवळ 12, तर शनीला साडेएकोणतीस वर्षं. म्हणून तर तो शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. एका राशीत त्याची अडीच वर्षं जातात. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी धरल्या की होतात साडेसात. साडेसातीच्या धास्तीमागचं गणित एवढंच आहे. गुरू दर बारा वर्षांनी सिंहेत परततो तेव्हा नाशिकला सिंहस्थ भरतो आणि पुढे तो कन्येत गेला की नृसिंहवाडीला कन्यागत पर्व.

घोळ झाला तो बुध आणि शुक्राचा. हे दोघं सूर्याची पाठ सोडत नाहीत, त्यामुळे त्यांची फेरीही सरासरी वर्षाचीच भरते. ग्रीक तत्त्ववेत्त्या प्लेटोने चंद्रानंतर लगेच सूर्य ठेवला होता. नंतरच्यांनी बुध-शुक्रांना चंद्र आणि सूर्याच्या मध्ये घातलं, आणि टॉलेमी या ज्योतिर्विदानेही तेच धरलं. तीच रांग पुढे रूढ झाली: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र.

आता वार. दिवसाचे 24 तास, म्हणजेच होरा (हा शब्दही मूळचा ग्रीकच), या रांगेतल्या ग्रहांना ओळीने वाटून द्या. ज्याला पहिला तास मिळेल, त्याचा तो दिवस. शनीपासून सुरू केलं तर बाविसावा तास पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दुसरा दिवस उजाडतो तो रवीच्या तासाने. तिथून पुन्हा मोजलं की सोम, मग मंगळ. आर्यभटाने 499 च्या सुमारास एका श्लोकात हे सांगून टाकलंय: वेगाच्या क्रमात दर चौथा ग्रह दिवसाचा स्वामी.

राहू-केतूंना या रांगेत जागा नाही, कारण ते दिसतच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते हे दोन बिंदू. ग्रहणं त्यांच्याच आसपास होतात. हे बिंदूही सरकतात, पण उलटे, साडेअठरा वर्षांत एक फेरी. म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीलाही केवळ चालीमुळे ग्रहपद मिळालं.

उलट गंमत युरेनसची. अगदी काळोख्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. पण त्याची फेरी 84 वर्षांची. एक रास ओलांडायलाच सात वर्षं लागतात. 1690 मध्ये इंग्लंडच्या फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाने तो दुर्बिणीतून पाहिलासुद्धा, आणि आपल्या यादीत वृषभेतला एक तारा म्हणून लिहून ठेवला. तो ग्रह आहे हे कळायला पुढे 1781 साल उजाडलं.