अवयव न शोधता ओळखलेली मूळ संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. लिहून काढली तर ४,१०,२४,३२० अंक होतात. ल्यूक ड्युरांट यांनी ती ‘गिम्प्स’ या सार्वजनिक शोधप्रकल्पातून शोधली. अशी बातमी आली की ‘आता बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होणार’ हे हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. त्या कामाला काहीशे अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर साऱ्या जगाला माहीत आहे.

खरा आनंद वेगळ्याच गोष्टीत आहे. ही संख्या मूळ आहे हे कळलं कसं? शाळेत आपण वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहतो. इथे वर्गमूळच दोन कोटींहून अधिक अंकी आहे!

‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांसाठी एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी वाट दाखवली, १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या डी. एच. लेहमर यांनी ती पक्की केली. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा हेच करत राहा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

१२७ घ्या, म्हणजे २ चा सातवा घात वजा १. पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. शेवटच्या पायरीला १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९. त्यात १२८ शहाण्णव वेळा जातात, ३१ उरतात. १२८ ला १२७ ने भागलं की बाकी १, म्हणून ९६ आणि ३१ ची नुसती बेरीज करायची: १२७, म्हणजेच शून्य. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत हे फक्त तुकडा कापून जोडणं आहे, संगणकाला भागाकार करावाच लागत नाही.

हे का चालतं? (२+√३) आणि (२−√३) यांची बेरीज ४, गुणाकार १. बेरजेचा वर्ग केला की दोघांचे वर्ग आणि वर २ मिळतात, ते २ आपण काढून टाकतो. म्हणजे दर पायरीला (२+√३) चा घात दुप्पट होतो. शेवटी शून्य आलं, तर (२+√३) ने एकेकदा गुणत जाऊन पुन्हा १ वर यायला २ च्या p व्या घाताइतके गुणाकार लागतात (p हा आपला घातांक), आणि वाटेतली प्रत्येक बाकी वेगळी असते. संख्येला वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान मूळ अवयव q असता, तर q ने भागून उरणाऱ्या (क + ख√३) अशा बाक्यांच्या जगात फार तर q² वजा १ शून्येतर जागा असत्या, आणि त्या कमी पडतात. म्हणून असा अवयव नाहीच.

ल्युका यांनी १८७६ मध्येच २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही हे दाखवलं, एकही अवयव हाती नसताना. अवयव १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

संख्येचे गुण म्हणतात ते हे. अंकांची बेरीज करून नशीब सांगणाऱ्यांना तिच्यातलं काही कळलेलं नसतं. त्या बेरजेवरून ९ ने भागल्यावरची बाकी तेवढी कळते.

नव्या संख्येसाठी अशा १३ कोटींहून अधिक पायऱ्या लागल्या. एका बिटची चूक झाली तरी सगळं वाया जातं. म्हणून डब्लिनमधल्या प्रोसेसरवर प्राथमिक चाचणीत ती सापडल्यावर अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोमध्ये ल्युका–लेहमर चाचणी झाली, मग वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रॅमनी ती पुन्हा पडताळली, आणि त्यानंतरच ती जाहीर झाली.